इस्त्रीचे हात

मंगळवार, २ नोव्हेंबर

साबणाच्या एजंटाने आज डायरी दिली. वर्ष सरत आलेलं असताना दिलेली डायरी म्हणजे कुणालाच नको झालेली डायरी, पण फुकटची म्हणून घेतली. दहा महिन्यांची कोरी पानं उलटून आजच्या पानावर आलो. लिहायचं काय हा प्रश्नच आहे. लाँड्रीवाल्याच्या आयुष्यात सुरकुत्या सोडल्या तर घडतं काय?

बायको परत बोटीवर गेली. प्रवासी बोटीच्या स्वयंपाकघरात ती काम करते. बरेच महिने समुद्रावर, मग थोडे घरी, असं चक्र आहे. मागच्या वर्षी आमचं लग्न झालं तेव्हा मला एक बायको मिळाली आणि तिची आठ वर्षांची मुलगी मिळाली. आता बायको पाण्यावर आहे आणि मुलगी पडद्यापलीकडे. पुढे दुकान, मध्ये पडदा, मागे आमची खोली, एवढाच आमचा संसार.

मुलीला मी बटण म्हणतो. गिऱ्हाइकांच्या कपड्यांची निखळलेली बटणं एका डब्यात असतात, ती घेऊन ती तासन्‌तास बसते. दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. तिचे वडील ती रांगत असतानाच गेले, त्यामुळे तुलना होते अशातलाही भाग नाही. तरी ती मला कशानेच हाक मारत नाही. काका नाही, बाबा तर नाहीच. बोलायचं झालं की "ऐका ना" म्हणून सुरुवात करते आणि मी ऐकतो. एवढं मोठं नाव कुणाला असतं?

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

वेणी घालणं मला अजून जमत नाही. शंभर चुण्यांचा झगा मी डोळे मिटून इस्त्री करतो, पण त्या तीन बटा माझं ऐकत नाहीत. सकाळी उठून आधी हॉटेलच्या चादरी इस्त्री करून काढतो, मग तिचं आवरतो, तोवर हात तापलेले असतात. आज बोट तिच्या कानाला लागलं तशी ती आक्रसली. "गरम आहेत तुमचे हात. लांब करा."

रोजचंच आहे हे. तिला माझा हात नकोसा वाटतो आणि कारण तयार आहे. मी वाईट वाटून घेत नाही असं लिहिणार होतो, पण इथे खोटं कुणासाठी लिहायचं? वाईट वाटतं.

शिवाय नखरे आहेत. शाळेचा फ्रॉक रात्री इस्त्री करून ठेवलेला चालत नाही. घालायच्या आधी, तिच्या डोळ्यांदेखत करायचा. टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी राहते आणि वाफ जिरायच्या आत अंगात घालते. आईने लाडावून ठेवली आहे.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

गावभर जी साथ पसरली आहे तिने आम्हालाही गाठलं. बटणचं नाक दोन दिवस गळलं आणि मोकळं झालं. मला मात्र साथीने पार लोळवलं. दुकान बंद. मी खोलीत आणि तिला पडद्याबाहेर काउंटरमागे झोपवलं, तिला परत लागायला नको म्हणून. दिवसभर ती पडद्याला पाठ लावून बटणं मोजत बसली होती, तीही मोठ्याने. डोकं दुखत होतं म्हणून सांगितलं, हळू मोज बाई. तर थोडा वेळ गप्प बसली आणि विचारलं, "ऐका ना, झोपलात की काय?" नाही म्हटल्यावर पुन्हा सुरू. आजारी माणसाला जरा दया दाखवावी, हे या वयात कुठलं कळायला.

बुधवार, ८ डिसेंबर

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. चादरी, शर्ट, चादरी. वकीलसाहेब ब्लँकेट टाकून गेले आणि नेहमीप्रमाणे उद्याच हवं म्हणाले. त्यांचं उद्या कधीच येत नाही, वस्तू पंधरा दिवस पडून असते.

बटण आज शाळेतून पोट धरून आली. जेवली नाही. कपाळाला हात लावून पाहिला, ताप नाही. आईची बोट दोन दिवस संपर्कात नाही, त्याचंच हे पोटात दुखणं असणार. मलाही नाही का, तिचा फोन आला नाही की घशाखाली घास उतरत नाही.

गुरुवार, ९ डिसेंबर

बटणच्या अंगावर लाल चट्टे उठलेत. पाठीवर, पोटावर, दंडांवर. लगेच लक्षात आलं. एजंटाचा नवा साबण. डायरी देऊन गळ्यात मारला मला. तिचे सगळे कपडे, पांघरूण, उशीचा अभ्रा बाहेर काढून साध्या पाण्यात दोन-दोनदा खळबळून घेतले आणि कडक इस्त्रीने वाळवले. संध्याकाळपर्यंत हेच. मधूनमधून पडद्याआड जाऊन हात लावून बघत होतो. ताप नाही.

एजंट आला की त्याला असा झाडणार आहे की नाव काढणार नाही.

शुक्रवार, १० डिसेंबर

रात्रीतून दोनदा उलटी. पहाटेच्या चादरी काढून, दुकान उघडायच्या आधी चार गल्ल्यांपलीकडच्या दवाखान्यात फोन केला. डॉक्टर साथीच्या रुग्णांत बुडालेले. विचारलं, ताप आहे का? म्हटलं, नाही, सकाळपासून सारखा बघतोय. मग पोट बिघडलं असेल, म्हणाले, साखर-मिठाचं पाणी द्या आणि ताप आला तर लगेच घेऊन या.

तिला जरा हवा लागावी म्हणून दारापर्यंत नेत होतो तर बूट पायात जाईनात. "घट्ट होतात," म्हणाली. मागच्या महिन्यात घेतलेले बूट. पोरं कशी भराभर वाढतात. आई आली की ओळखायची नाही. डोळेही लाल झालेत, रात्री पांघरुणात रडत असणार. ओठ फुटलेत थंडीने. तूप लावलं.

संध्याकाळी बायकोचा फोन लागला. आवाज तुटत होता. काय झालंय, ताप आहे का, हाच तिचाही पहिला प्रश्न. म्हटलं, मी स्वतः बघतोय, ताप अजिबात नाही, तुझी आठवण काढतेय फक्त. ती म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून मी इकडे उभी आहे हो." मग फोन गेला. हे वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवलं आणि आता इथे लिहून टाकलं.

शनिवार, ११ डिसेंबर

आज एक गोष्ट घडली. लहानशीच आहे.

हॉटेलच्या चादरींचा ढीग उपसता उपसता मध्येच आत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. कपाळाला हात लावला, नेहमीसारखी आक्रसेल म्हणून लगेच उचलायला गेलो, तर तिने माझा हात धरला आणि कपाळावर तसाच दाबून ठेवला. म्हणाली, "ऐका ना. आज तुमचे हात गरम नाहीत."

मी आत्ताच इस्त्री ठेवून आलो होतो. गरम कसे नसतील? पण मी हात तसाच ठेवला. तिथेच बसून राहिलो. पुढे गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं असावं. वर्षभरात पहिल्यांदा या मुलीने आपणहून माझा हात धरला. कुणाला सांगू? समोरच्या हँगरवरच्या कोटांना सांगितलं.

ताप नाही, हेही लिहून ठेवतो.

सोमवार, १३ डिसेंबर

रविवारचं आज लिहितोय. इस्पितळात बसायला बाक आहे आणि डायरी खिशात निघाली.

रविवारी दुकान बंद असतं. इस्त्री थंड. सकाळी नळाच्या बर्फासारख्या पाण्यात भांडी घासली, हात नीट न पुसताच आत गेलो आणि तिचं पांघरूण सारखं करताना हात गळ्याला लागला. मी हात झटकन मागे घेतला, चुकून इस्त्रीच्या पत्र्याला लागल्यावर घेतो तसा. पुन्हा लावला. पोट, पाय, कपाळ. पोरगी भाजत होती.

हाक मारली तर डोळे अर्धे उघडले. रक्तासारखे लाल. आमच्या घरात जाड पांघरूण नाही. गिऱ्हाइकाची वस्तू अंगावर घ्यायची नाही हा आमच्या धंद्यातला पहिला धडा, तो बापाने मला कान पिळून शिकवला होता. फळीवरचं वकीलसाहेबांचं ब्लँकेट ओढलं, तिला गुंडाळलं आणि रस्त्यावर धावलो. पहिली गाडी थांबली नाही. दुसरी थांबली.

इथे आल्यावर तिला माझ्या हातातून घेऊन आत पळाले. रक्तदाब फार खाली गेलाय म्हणाले. बाहेर आलेल्या नर्सने विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हणालो, "लाँड्रीवाला." ती माझ्याकडे आणि ब्लँकेटला टाचलेल्या नंबराच्या चिठ्ठीकडे बघत राहिली. "ते नाही हो. मुलीचे कोण?" "तिच्या आईचा नवरा," म्हणालो. तिने मान हलवली. पण ते माझंच मला फार दूरचं नातं वाटलं.

मंगळवार, १४ डिसेंबर

डॉक्टरीणबाई वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत, पण घाईत बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, महिन्याभरापूर्वी घरात कुणाला ती साथ झाली होती का? झाली होती, मला जोरात, तिला नावाला. तेच, म्हणाल्या. फार थोड्या मुलांत असं होतं. विषाणू येऊन गेलेला असतो, मूल खेळायला लागलेलं असतं. पण त्याच्याशी लढायला उठलेली शरीराची ताकद काही आठवड्यांनी आपल्याच अंगावर उलटते. कातडी, डोळे, आतडी, सगळीकडे दाह. "हिच्या हृदयाला सूज आहे. ते नीट पंप करत नाहीये. औषध चालू केलंय, शिरेतून. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत."

मी म्हटलं, "म्हणजे इस्त्री बंद केली तरी खालचं कापड जळत राहतं, तसं?"

"साधारण तसंच," त्या म्हणाल्या. "ताप किती दिवस होता?"

"ताप नव्हता. रविवारी आला."

"इतकी सूज एका दिवसात येत नाही. कशाने बघत होता?"

मी हात वर केला. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग काम काय करता असं विचारलं. सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता ती इथे आहे ना, तेवढं धरून चला," आणि आत गेल्या.

बाकावर येऊन बसलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. सत्तर कपड्यांवरून इस्त्री फिरवून मी तसाच आत जात होतो आणि तापलेल्या हाताने ताप बघत होतो. शनिवारी तिला माझा हात गरम लागला नाही, कारण ती माझ्या हातापेक्षा तापली होती. आणि मी सुखाने बसून राहिलो. आयुष्यातला तेवढा एक चांगला क्षण होता, तो असा निघाला.

गुरुवार, १६ डिसेंबर

आत फक्त थोडा वेळ सोडतात. तिचे हात सुजून गुबगुबीत झालेत, नळ्या आहेत, यंत्रं आहेत. मी हात मागे बांधून उभा राहतो. तिला हात लावायचा मला धीर होत नाही.

नर्स आता ओळखीची झाली आहे. ब्लँकेटवरच्या चिठ्ठीवरून ती बटणला सत्तेचाळीस नंबर म्हणते. आज म्हणाली, "तुमची सत्तेचाळीस नंबर काल मला फार दमवत होती. सारखं 'ऐका ना, ऐका ना'. मी दर वेळी कान नेते तोंडाजवळ, तर पुढे काहीच बोलत नाही. दाराकडे बघते आणि पुन्हा तेच."

काय सांगायचं असेल तिला? कदाचित आईला निरोप असेल. मी नर्सला म्हटलं, पुन्हा म्हणाली तर जरा धीराने ऐकून घ्या, पुढे काहीतरी असेल.

शुक्रवार, १७ डिसेंबर

रक्तदाब जरा सावरला. ताप उतरणीला आहे.

बायकोला बोट कंपनीने निरोप पोचवला होता, आज तिचा फोन आला. मी सगळं सांगितलं, हाताचंही. न सांगता भागलं असतं, पण मग तिने मला धीर दिला असता आणि तो मला पचला नसता. तिने ते पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कपाटात वरच्या खणात, माझ्या स्वेटरखाली थर्मामीटर आहे. तुम्हाला दाखवला होता."

"हो."

"दाखवला होता ना मी?"

"हो."

मागे बोटीचं इंजिन ऐकू येत होतं. म्हणाली, पुढच्या बंदरावर उतरायला मिळतंय का बघते. ताई म्हणतेय मुलीला बरं वाटलं की तिच्याकडे पाठवा. मी आले की ठरवू.

फोन ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. "तुम्ही जेवलात का?" हो म्हटलं. खोटं होतं ते.

ठरवायचं काय आहे त्यात? मावशी शहाणी बाई आहे, तिच्या घरी थर्मामीटर हाताशी असणार.

सोमवार, २७ डिसेंबर

घरी आलो. गोळ्यांचं वेळापत्रक भिंतीला लावलं. पळायचं नाही, उड्या नाहीत, पुढच्या आठवड्यात पुन्हा हृदयाची तपासणी. थर्मामीटर माझ्या वरच्या खिशात असतो. बटण वैतागली आहे. "आत्ताच लावला होता ना?" म्हणते. मी म्हणतो, पुन्हा लाव. वेणी शेजारच्या शिंपीणबाई येऊन घालतात. त्यांना छान जमते.

वकीलसाहेब ब्लँकेट न्यायला आले. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की तुमची वस्तू वापरली, नवी भरून देईन. ते पडद्याच्या फटीतून आत डोकावले. ती त्यात गुंडाळून बटणं लावत बसली होती. घसा खाकरून म्हणाले, "मला उद्या हवंय." आणि गेले. त्यांचं उद्या मला माहीत आहे.

गुरुवार, ६ जानेवारी

वर्ष बदललं, म्हणून डायरीच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर आलो. तपासणी झाली. पडद्यावर तिचं हृदय दाखवलं डॉक्टरीणबाईंनी. मला त्यातलं काही कळलं नाही, एक मूठ उघडत होती आणि मिटत होती. चांगलं पंप करतंय, म्हणाल्या. रक्तवाहिन्याही ठीक दिसतायत. पण वर्षभर येत राहायचं. रस्त्यात मी एका खांबाला टेकून रडलो. बटण माझी बाही धरून उभी होती. म्हणाली, "ऐका ना, लोक बघतायत." अशा वेळीही तिला लोकांची पडलेली.

शनिवार, ८ जानेवारी

बायकोला बंदरावर उतरायला मिळालं. आठवडाभरात घरी येतेय.

फोनवर ती आणि बटण बोलत होत्या, मी पुढे चादर घेऊन उभा होतो. पडद्यातून सगळं ऐकू येतं. आईने मावशीकडे जायचं विचारलं असावं. बटण म्हणाली, "नको. तिथे थंडी असते. मला इथेच बरं आहे, इथे गरम असतं."

खरं आहे तिचं. मावशीचं घर उंचावर आहे, वारा फार. आजारातून उठलेल्या पोरीला ते सोसायचं नाही. तेवढं तरी बायकोला नीट समजावून सांगायला हवं. थंडी सरली की मग बघता येईल.

मंगळवार, ११ जानेवारी

शिंपीणबाई आज आल्या नाहीत. शाळा अजून नाही, पण बटणने सकाळीच फ्रॉक काढला आणि टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी राहिली. बऱ्याच दिवसांनी. इस्त्री करून दिला, तिने तो गरमागरम घातला आणि आत जाऊन पलंगावर बसली. मी थर्मामीटर घेऊन गेलो.

"ऐका ना. तो नको. हाताने बघा."

म्हटलं, माझ्या हाताला कळत नाही बटण, तुला माहितेय ना.

"मला कळतं ना. लावा."

मी नुकत्याच वीस चादरी काढल्या होत्या. हात पँटला पुसला, आणि इस्पितळानंतर पहिल्यांदा तिच्या कपाळावर ठेवला. ती तत्काळ आक्रसली. तोंड वाकडं केलं.

"शी. किती गरम आहेत तुमचे हात."

मला काहीच दिसेना. इतकं चांगलं मला आजवर कुणी काही बोललं नव्हतं. मी हात काढून घेतला तर तिने तो मनगटाला धरला.

"काढून कुठे नेताय? पायांवर ठेवा. पाय गार पडलेत."

तिने पाय माझ्या मांडीवर ठेवले. सूज उतरून पुन्हा एवढेसे झालेले, थंडगार पाय. दोन्ही हातांनी धरले. पुढे वकीलसाहेबांचा आवाज आला, ब्लँकेट झालं का म्हणून.

मी आतूनच ओरडून सांगितलं, उद्या.